मीटरबाईचं सॅम्पल

दूध संकलन केंद्रावर तिला मीटरबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागे म्हणजे फार तर खिडकीच्या पलीकडे, त्यामुळे तिला सगळं ऐकू यायचं आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. खरं सांगायचं तर तिला ते नाव आवडायचं. माणसाला त्याच्या कामावरून नाव पडलं, तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?

काम असं. सकाळी उजाडायच्या सुमारास खिडकीपुढे किटल्यांची रांग लागायची. एकेकाने किटली पुढे करायची, हिने दूध पळीने खालपासून ढवळून त्यातलं थोडं छोट्या बाटलीत घ्यायचं, बाटली मशीनच्या नळीखाली धरायची, आणि मशीनने घुर्र घुर्र करून आकडे दाखवायचे. फॅट किती लागली, वरून पाणी मारलंय का, मारलं असेल तर किती. फॅट लागली तर दूध आत, नाही लागली तर दूध आपापल्या घरी. यात नातंगोतं नाही, ओळखपाळख नाही. चुलतसासऱ्यांची किटली तिने एकदा सगळ्यांच्या देखत परत केली होती आणि वर विचारलं होतं, "काका, विहिरीला पाणी बरं आहे वाटतं यंदा?" चुलतसासरे पुढे कितीतरी महिने घरी चहाला फिरकले नाहीत. आले तेव्हा दारातूनच म्हणाले, बिनदुधाचा चालेल.

तर अशा या बाईला मुलगी झाली. जन्मली तेव्हा एवढीशी, म्हणून आजीने तिला टिंबू म्हणायला सुरुवात केली. कागदावर चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते शाळेत गेल्यावर लागेल, आत्तापासून कशाला झिजवायचं. टिंबू पहिल्या दिवसापासून आईच्या अंगावर प्यायची, आणि प्यायची म्हणजे काय, मन लावून, मुठी आवळून, मध्येच डोळे उघडून आई पळून तर गेली नाही ना हे बघत. तीन-साडेतीन महिन्यांत त्या टिंबाचं चांगलं गरगरीत शून्य झालं. मनगटांना वळ्या पडल्या, हनुवटीच्या खाली आणखी एक हनुवटी आली. आजीला तिची मान पुसायची म्हणजे घड्या उलगडून उलगडून पुसावी लागायची.

सुट्टी संपली आणि मीटरबाई कामावर परत आली. सासूबाई, म्हणजे टिंबूची आजी, घरीच शिवणकाम करायच्या. सकाळची रांग ओसरली की त्या शिलाईच्या मशीनवर कापड तसंच टाकून टिंबूला घेऊन केंद्रावर यायच्या. केंद्राच्या मागे कॅन ठेवायची खोली होती. ओली फरशी, धुऊन पालथे घातलेले कॅन, आणि कितीही घासली तरी न जाणारा आंबूस वास. तिथे सासूबाईंनी उरलेल्या कापडांचे तुकडे जोडून एक पडदा लावून दिला होता. त्या पडद्याआड पालथ्या कॅनवर बसून मीटरबाई लेकीला पाजायची. कोणी उशिरा किटली घेऊन आलं तर आपणहून चार पावलं मागे सरकून उभं राहायचं. घाई करायची कोणाची छाती नव्हती.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी टिंबू झोपली. म्हणजे झोपते ती रोजच, पण त्या दिवशी केंद्रावर यायच्या वेळेला झोपली आणि उठायचं नावच घेईना. झोपलेलं पोर उठवायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. त्यांनी निरोप पाठवला, उठली की आणते. इकडे मीटरबाईची छाती भरून दगडासारखी झाली. हात वर करवेना, कॅन उचलवेना. शेवटी तिने हात स्वच्छ धुतले, पडद्याआड गेली, आणि हाताशी जी धुतलेली सॅम्पलची बाटली होती तिच्यात थोडं दूध पिळून काढलं. अगदी थोडं, ताण उतरण्यापुरतं. हायसं वाटलं. मग बाटली हातात धरून ती उठली, आणि सवयीने उजेडात धरून बघितली.

इथे घात झाला. दुसरी कोणी आई असती तर बाटली धुऊन कामाला लागली असती. पण ही दुधाकडे बघूनच पोट भरणारी बाई. दूध निळसर दिसत होतं. काचेला धरत नव्हतं, नुसतं घसरत होतं. असं दूध खिडकीत आलं असतं तर मशीनची वाटसुद्धा न बघता तिने विचारलं असतं, नळ सोडून दिला होता का? डोकं म्हणत होतं बाटली ठेव, पण हात ऐकेनात. हातांनी बाटली नेली आणि मशीनच्या नळीखाली धरली.

मशीनने घुर्र घुर्र केलं आणि आकडे आले. फॅट इतकी कमी, की खिडकीत असती तर किटली परत. आणि खाली पाण्याचा आकडा. तो तर असा, की मालकाला उभा करून चार शब्द सुनवावेत.

मीटरबाई मशीनकडे बघत राहिली. मग तिने नळी धुतली. सकाळचं म्हशीचं दूध उरलं होतं, ते लावून पाहिलं. आकडे चोख. पुन्हा आपलं लावलं. पुन्हा तेच. 'माणूस खोटं बोलेल, मशीन बोलणार नाही,' हे वाक्य तिचंच, रोज कोणा ना कोणाला ऐकवलेलं. आता ते तिच्याच कानाशी येऊन बसलं. तिने बाटली मोरीत ओतली, घासून घासून धुतली, आणि टिंबू आली तेव्हा तिला छातीशी घेताना पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की आपण या पोरीला फसवतोय.

संध्याकाळच्या पाळीला एका बाईचं दूध थोडं कमी लागलं. मीटरबाईने किटली परत केली, पण एक अक्षर बोलली नाही. ती बाई किटली घेऊन तशीच उभी राहिली. बोलणी खाल्ल्याशिवाय जायचं कसं, हेच तिला कळेना. बाहेर रांगेत कुजबुज झाली. मीटरबाईची तब्येत बरी नाही वाटतं.

विचारायचं कोणाला? लाज अशी की सांगायची सोय नाही. केंद्राच्या भिंतीवर एक मोठा रंगीत कागद चिकटवलेला होता, जनावरांची फॅट कशी वाढवावी म्हणून. सुका चारा, ओला चारा, पेंड, स्वच्छ पाणी, आणि जनावर आनंदात ठेवा. मीटरबाईने तो कागद आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचला. आणि हसाल तर हसा, पण तिने तो स्वतःला लावला. पेंड तेवढी सोडली. बाकी शेंगदाणे, तीळ, खोबरं, पालेभाज्या, भाकरीवर तुपाची धार, आणि पाणी तर तांब्यावर तांबे. सासूबाईंना आधी फार बरं वाटलं. सून खातेपिते, घराला शोभा. पण सून जेवून उठल्यावर परत डबे धुंडाळायला लागली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "अगं, पोटात जंत वगैरे नाहीत ना?"

काही दिवसांनी टिंबू पुन्हा वेळेला झोपली, छाती पुन्हा भरून आली, आणि मीटरबाईने पुन्हा थोडं काढून मशीनला लावलं. आकडा जागचा हलला नव्हता. एवढ्या तुपातून वाढली होती ती एकटी मीटरबाई.

मग ती टिंबूकडे बघायला लागली ते त्याच नजरेने. टिंबू मूठ चोखते, म्हणजे उपाशी आहे. अहो, या वयाचं कुठलं पोर मूठ चोखत नाही? टिंबू संध्याकाळी किरकिर करते, म्हणजे पोट भरलं नाही. टिंबू पिऊन झोपली तर अशक्तपणाने झोपली आणि पिऊन जागी राहिली तर भुकेने जागी राहिली. एकदा मनात पाल चुकचुकली की माणसाला डोळ्यांपुढचं हत्तीएवढं पोर दिसत नाही.

शेवटी तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा दुधाचा टँकर चालवायचा. दुपारी अंगणात टँकर धूत होता, हातात पाइप, पँट गुडघ्यापर्यंत वर. ती जवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, माझ्या दुधात पाणी आहे."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा पाइप त्याच्या हातातून सुटला. "म्हणजे माझी लेक पाण्यावर एवढी झाली?" तो म्हणाला. "मग उगाच तुला तूप कशाला, रोज नळाखाली धरू की तिला." आणि हसत सुटला. टँकरला टेकून, डोळे पुसत, ठसका लागेपर्यंत हसला. माणूस वाईट नव्हता. पण पुरुषांना कधी हसू नये हे कळत असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती. तिचा चेहरा बघून तो गप्प झाला आणि सावरायला म्हणून म्हणाला, "अगं, मशीन बिघडलं असेल." हे तर त्याहून वाईट. एक वेळ तिला बोललेलं चालेल, तिच्या मशीनला नाही.

"मशीन ठीक आहे," ती म्हणाली. "मी रोज लोकांना तोंडावर विचारते, हे दूध लहान पोरांच्या पोटात जाणार, तुम्हाला काही वाटतं की नाही. आणि माझ्या पोरीच्या पोटात मी काय घालतेय? तिला बोलता येत नाही म्हणून ती काही म्हणत नाही, एवढंच."

नवरा वाहतं पाणी बंद करायला गेला आणि परत आला तोवर ती आत निघून गेली होती. त्या दिवसापासून त्याला जेवायला वाढलं जायचं, पण मुकाट्याने.

आणि तिने ठरवून टाकलं. दुकानातून दुधाच्या पावडरीचा डबा आणला, बाटली आणली. आपलं दूध बंद. ज्या दुधाला आपण खिडकीतून आत घेतलं नसतं, ते आपल्या लेकीला पाजायचं नाही. निर्णय झाला, आणि ज्या बाईने चुलतसासऱ्यांना सोडलं नाही ती स्वतःला सोडणार होती थोडीच.

नेमकं दुसऱ्याच दिवशी सकाळी टिंबूला लस द्यायला न्यायचं होतं. मीटरबाईने रजा काढली होती. उठल्यापासून तिने लेकीला अंगावर घेतलं नाही. बाटली पुढे केली. टिंबूने बूच तोंडात घेतलं, विचार केला, जिभेने बाहेर ढकललं, आणि आईच्या पदराकडे तोंड वळवलं. पुन्हा बाटली. पुन्हा ढकलली. मग रडायला लागली. सासूबाईंनी बाटलीकडे पाहिलं, सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं, बाटली पिशवीत टाकली, आणि पिशवी खांद्याला लावली.

नवरा टँकर घेऊन मोठ्या डेअरीकडे निघालाच होता, दवाखाना वाटेत होता. म्हणाला, सोडतो. ती बोलली नाही, पण चढून बसली. मध्ये सासूबाई, खिडकीशी मीटरबाई, मांडीवर टिंबू. मागे टँकर काठोकाठ दुधाने भरलेला आणि पुढे पोर भुकेने टाहो फोडतंय. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. मीटरबाईची छाती ठणकत होती, आत कोंबलेला नॅपकिन भिजून गेला होता, आणि टिंबूच्या प्रत्येक रडण्यासरशी आणखी भिजत होता. तिने खिडकीबाहेर बघत दात आवळून धरले. नवऱ्याने गिअर बदलता बदलता एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गाडी जोरात हाणली.

दवाखान्यात लांबलचक व्हरांडा, भिंतीला लागून बाकं, बाकांवर आया आणि आयांच्या मांडीवर पोरं. ज्यांना सुई टोचून झाली होती ती रडत होती आणि ज्यांची राहिली होती ती त्यांचं ऐकून रडत होती. टोकाला नर्सचं टेबल आणि बाळाचा वजनकाटा. नर्स थोराड अंगाची, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि आवाज असा की तिच्या कानगोष्टी रस्त्यावर ऐकू याव्यात. समोर येईल त्या बाईला ती आई म्हणायची, मग ती बाई तिच्या लेकीच्या वयाची का असेना.

टिंबूचे कपडे काढून तिला काट्यात ठेवलं. टिंबू हातपाय झाडत, लालबुंद होऊन ओरडत होती. नर्सने काटा बघितला, मागचं वजन बघितलं, आणि खुशीत येऊन टिंबूच्या मांडीवर टिचकी मारली. "वा. काय पाजता आई हिला?"

"आजपासून डब्याचं," मीटरबाई खाली बघून म्हणाली.

"आणि कालपर्यंत?"

"अंगावरचं."

"मग आज काय झालं?"

सासूबाईंनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली आणि हात झटकले, म्हणजे यात आपला काही संबंध नाही.

"दूध कमी पडतंय?" नर्सने विचारलं.

"कमी नाही. पातळ आहे." मीटरबाईने टिंबूला काट्यातून उचलून घेतलं. "त्यात पाणी आहे."

"कोण म्हणालं?"

"मी नाही हं म्हणाले," सासूबाई लगेच बोलल्या. "उगाच माझ्यावर यायचं. सासू म्हटलं की आधी तिच्याकडेच बघतात."

"मशीन म्हणालं," मीटरबाई म्हणाली.

नर्सने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "कसलं मशीन?"

मग सांगावंच लागलं. केंद्रावरचं, सॅम्पलचं, बाटलीचं. सासूबाई ऐकता ऐकता बाकावर बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. बाकीच्या आया पोरांना थोपटायच्या थांबल्या.

"मशीनचं माप कशाच्या दुधावर लावलेलं होतं?" नर्सने विचारलं.

"म्हशीवर," मीटरबाई पुटपुटली.

कोणीतरी फस्सकन हसलं आणि खोकल्याचं निमित्त केलं. नर्स मात्र हसली नाही. वकील साक्षीदाराला विचारतो तसं तिने पुढचं विचारलं. "काढलं किती होतं? सगळं पिळून, की थोडं?"

"थोडंसंच. फार भरून आलं होतं, म्हणून ताण जाण्यापुरतं."

"म्हणजे सुरुवातीचं. आणि तुमच्या केंद्रावर कोणी सुरुवातीच्या चार धारा काढून आणल्या तर काय करता?"

मीटरबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. तिचा स्वतःचाच आवाज तिला ऐकू आला, खिडकीतून रोज ओरडणारा. अर्धवट पिळून आणू नका, पहिल्या धारा पातळच असतात, सगळा दाटपणा शेवटी उतरतो, जनावर पुरतं पिळा, ढवळा आणि मग सॅम्पल द्या. हे तिने इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. तिने कपाळाला हात लावला.

"परत करते," ती म्हणाली. "सॅम्पलच धरत नाही."

"बरं. आता पुढचं ऐका," नर्स म्हणाली. "तुम्ही पुरतं पिळून लावलं असतं ना, तरी म्हशीच्या मापात ते बसलं नसतं. बसायला नकोच. रेडकू जन्मल्या दिवशी आपल्या पायांवर उभं राहतं, थोडं मोठं झालं की दावं तोडून पळतं. आपलं पोर वर्षभर नुसती मान सावर, कूस बदल, बूड टेक, हेच करतं. त्याची गरज वेगळी, हिची वेगळी. तुम्हाला पोरीची म्हैस करायचीय का?"

"नाही."

"मग म्हशीचं दूध कुठून येणार तुम्हाला?"

आता मात्र सगळा व्हरांडा हसला. मीटरबाईलाही हसू फुटलं. आधी नाकातून एक फुर्र आवाज आला, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हसणं कुठे संपलं, रडणं कुठे सुरू झालं, ते तिचं तिलाच कळेना. इतक्या दिवसांचं ओझं होतं, एका हसण्यात थोडंच उतरणार.

"लंगोट भिजतात का नीट?" नर्सने सासूबाईंना विचारलं.

"आमच्या वाळत घालायच्या दोरीला विचारा," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या लुगड्याला जागा उरली नाही तिच्यावर."

"वजन वाढतंय, लंगोट भिजतात, जागी असली की टकमका बघते, ओरडायला तर बघा किती ताकद आहे. आणखी काय पाहिजे?" नर्सने बाटली उचलून सासूबाईंच्या हातात परत दिली. "डबा काही वाईट नाही. ज्या बाळाला लागतो त्याला मीच सांगते द्यायला. तुमच्या बाळाला लागत नाही, एवढंच. आता घ्या बघू तिला अंगावर. सुई मी तशीच देते, पिता पिता कमी दुखतं त्यांना."

मीटरबाईने टिंबूला छातीशी घेतलं. टिंबूने तोंड लावायचा अवकाश, सकाळपासून तुंबलेलं दूध असं आलं की तिला ठसका लागला. ती सुटली, दुधाची धार तिच्या नाकावर उडाली, तिने रागाने आईकडे पाहिलं आणि पुन्हा झडप घातली. घुटक घुटक असा आवाज यायला लागला. नर्सने मांडीवर सुई टोचली. टिंबूने तोंड सोडून एकदा किंचाळून घेतलं, मग भूक मोठी की सुई मोठी याचा विचार केला, आणि परत प्यायला लागली. मीटरबाईच्या दुसऱ्या बाजूचं पोलकं कमरेपर्यंत ओलं झालं होतं. तिने झाकलं नाही. लेकीच्या घामेजल्या टाळूवर ओठ टेकून ती बसून राहिली आणि तिला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं.

"बाजू बदलायची घाई करू नका," नर्स पुढच्या बाळाकडे वळता वळता म्हणाली. "एक पुरती संपवू दे तिला."

"हो, ते आता मला सांगू नका," मीटरबाई म्हणाली. आवाज परत आला होता.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. पठ्ठ्या सोडून गेलाच नव्हता. सासूबाई उठल्या. "सांगून येते त्याला पुढे जा म्हणून. आपल्याला इथे वेळ लागणार आहे." दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. "आणि त्याच्याशी बोल गं आता. माझ्याकडे बघून भाजी मागतो बिचारा."

त्या गेल्यावर बाकावर शेजारी एक मुलगी सरकली. वीस-बावीसची असेल, गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला मुलगा, टिंबूपेक्षा महिनाभराने लहान असावा. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"तुम्ही केंद्रावरच्या ना?" तिने हळू विचारलं. "आमच्या वाड्याशेजारचे लोक तुमच्याकडेच दूध घालतात. म्हणतात, त्या बाईंचा शब्द म्हणजे शब्द."

"घाबरतात मेले," मीटरबाई म्हणाली.

मुलगी हसली नाही. "आमच्या घरी सगळे म्हणतात माझं दूध पातळ आहे. सासू म्हणते, नणंद म्हणते, शेजारची म्हणते. मी रोज ऐकते. आता मलाही वाटायला लागलंय की मी याला उपाशी मारतेय." तिने पर्समधून रुमालात बांधलेली एक छोटी बाटली काढली. तळाशी बोटभर दूध होतं. "इथून मी तुमच्याकडेच येणार होते. तुम्ही बघून सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर बंद करते."

मीटरबाईने बाटली हातात घेतली. दूध निळसर होतं, काचेला धरत नव्हतं. हात सवयीने उजेडाकडे वर जायला लागला. तिने तो खाली आणला. बाटली बाकावर ठेवून दिली आणि मुलीच्या मांडीवरचं दुपटं बाजूला केलं.

पोरगं जागं होतं. त्याने हिच्याकडे एकदा नीट निरखून पाहिलं. मीटरबाईने त्याच्या गालाला बोट लावलं. बोट रुतलं. मनगट वळवून बघितलं, तिथे दोऱ्याने बांधल्यासारखी वळी होती. मांडी दाबून पाहिली. लंगोटाखाली हात घातला, तो भिजलेला निघाला. किटली तपासताना करायची तसा चेहरा करून तिने हे सगळं सावकाश केलं, आणि ती मुलगी श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"सॅम्पल हे आहे," मीटरबाई त्या पोराच्या पोटावर हात ठेवून म्हणाली. "बाटलीतलं नाही. कोणी काही म्हणालं की दुपटं उघडायचं आणि हे दाखवायचं. आणि सांगायचं, मी स्वतः बघितलंय. चांगलं दूध आहे. ज्याला पटत नसेल त्याला माझ्याकडे पाठव."

मुलीचे खांदे खाली आले, आणि मग ती ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. मीटरबाईने तिला रडू दिलं. एका हाताने टिंबूला धरून दुसऱ्या हाताने तिने त्या पोराचं टोपडं सारखं केलं आणि त्याला उचलून आईच्या छातीकडे वळवलं.

"पाज," ती म्हणाली. "शेवटपर्यंत पाज."